पोटभर खाल्लेला आणि उपाशी: दोघांच्याही आतड्यात सारख्याच पोकळ्या कशा?

पातळछेद | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार. एक कोडं घेऊन आले आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्या प्रबंधाचा विषय परभक्षी ढेकूण. ढेकूण म्हटलं की अंथरुणातला आठवतो, पण हा झाडांवरचा, ढालीच्या आकाराचा, पानं कुरतडणाऱ्या अळ्यांवर जगणारा. अळीच्या अंगात सोंड खुपसतो आणि लाळ सोडतो. लाळेतली विकरं आतलं मांस जागच्या जागी पातळ करतात, मग हा सावकाश ते शोषून घेतो. म्हणजे पचनाची पहिली पायरी भक्ष्याच्या कातडीच्या आतच उरकते, ढेकणाच्या पोटात उतरतो तो जवळजवळ तयार रस. तरीही काय खाल्लं त्याचा ठसा त्याच्या आतड्याच्या पेशींवर उमटतो. तो इतका स्पष्ट असतो हे सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघेपर्यंत मला खरं वाटत नव्हतं.

मी तीन गट केले. पहिल्याला जिवंत अळ्या आणि सोबत हिरवं पान. दुसऱ्याला फक्त पिठातल्या भुंग्याचे, म्हणजे टेनेब्रिओ मॉलिटरचे कोष. प्रयोगशाळेत परभक्षी ढेकूण वाढवताना हेच सर्रास देतात, कारण कोष हलत नाही, पळत नाही आणि बारा महिने मिळतो. तिसऱ्याला सात दिवस नुसतं पाणी. मग मध्यांत्र (आतड्याचा मधला भाग) काढून, पॅराफिन मेणात बसवून, नेहमीच्या हिमॅटॉक्सिलीन-इओसीन रंगात छेद पाहिले.

पहिल्या गटात अपेक्षेप्रमाणे उंच, खांबासारख्या पेशी, वरच्या कडेला दाट ब्रशसारखी झालर. तिसऱ्यात पेशी खुजट, झालर विरळ, आणि पेशीच्या आत जागोजागी गोल रिकाम्या पोकळ्या. उपासमार झाली की पेशी स्वतःचेच भाग मोडून खाते हे वाचलं होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही.

नवल दुसऱ्या गटाचं. हे ढेकूण पोटभर खात होते. वजन पहिल्या गटाइतकंच, अंडीही घालत होते. बाहेरून बघून दोन गट ओळखता आले नसते. आणि आतड्याच्या पेशींत मात्र तिसऱ्या गटासारख्याच गोल पोकळ्या! माझा अंदाज असा की पान न मिळाल्यामुळे पेशींची उपासमार होत असावी, फक्त ती अजून अंगावर दिसत नसावी. मार्गदर्शकांना दाखवण्याआधी इथल्या जाणकारांचं मत हवं आहे.

——

रानवाट | सोमवार, रात्री १०:०२

वाचतेय. मी या विषयातली नाही, पण कीटक बघायचा नाद आहे. मध्यांत्र म्हणजे जठर का? आणि पेशींना झालर कशासाठी?

——

पातळछेद | सोमवार, रात्री १०:३८

रानवाट, जठर म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. कीटकाच्या अन्ननलिकेचे तीन भाग: अग्रांत्र, मध्यांत्र, पश्चांत्र. पहिला आणि शेवटचा भाग बाहेरच्या त्वचेपासून तयार होतो, म्हणून त्यांना आतून कायटिनचं अस्तर असतं. कात टाकताना हे अस्तरसुद्धा टाकलं जातं. मधला भाग मात्र उघडा. तिथे अन्नरस आणि जिवंत पेशी यांच्यात कडक अस्तर नाही, म्हणूनच विकरं बनवणं आणि पचलेलं आत घेणं ही दोन्ही कामं मुख्यतः तिथे होतात.

तिथल्या पेशी साधारण तीन प्रकारच्या. सगळ्यात जास्त असतात त्या पाचक पेशी: उंच, आणि वरच्या टोकाला हजारो सूक्ष्म बोटं. त्या बोटांनाच मी झालर म्हणाले. त्यांच्यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं. पाचक पेशींच्या बुडाशी लहान लहान पुनरुत्पादक पेशी दबा धरून असतात. वरची पेशी झिजली की यांतली एक विभागते आणि तिची जागा घेते. तिसऱ्या अंतःस्रावी पेशी. संख्येने थोड्या, पण काय खाल्लं याची खबर संप्रेरकांच्या रूपात बाकीच्या शरीराला देणाऱ्या. मला स्वतःला याच सगळ्यात जास्त आवडतात, पण साध्या रंगात त्या नीट ओळखू येत नाहीत.

——

जुनी_स्लाइड | मंगळवार, सकाळी ७:२०

पातळछेद, निरीक्षण चांगलं आहे. निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. मी आयुष्यभर छेद कापले आहेत, त्या अनुभवावरून चार प्रश्न विचारतो. राग मानू नका.

एक. शेवटचं खाणं आणि ढेकूण कापणं यांत किती वेळ गेला? आतड्याची पेशी सकाळ-संध्याकाळ सारखी दिसत नाही. खाण्याआधी तिच्यात विकरांचे कण साठलेले असतात, खाल्ल्यावर ते रिते होतात, मग पुन्हा बनवायला सुरुवात होते, आणि मागाहून शोषलेल्या अन्नातून ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि चरबी साठू लागते. ब्राझीलमध्ये व्हिसोझाच्या केंद्रीय विद्यापीठातल्या मंडळींनी ब्रोंटोकोरिस टॅबिडस या तुमच्याच कुळातल्या परभक्षी ढेकणाच्या पाचक पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्या भक्ष्य आणि वनस्पती दिल्यानंतरच्या वेगवेगळ्या वेळांना. वेळ हा त्या कामाचा कणा होता. तुमच्या तिन्ही गटांची वेळ एक नसेल तर तुम्ही आहाराची तुलना करत नाही, घड्याळाची करता आहात.

दोन. मध्यांत्राचा कोणता भाग? ढेकणांचं मध्यांत्र म्हणजे एकसारखी नळी नव्हे. पुढचा भाग पिशवीसारखा फुगतो, रस साठवतो, पाणी काढून घेतो. त्याच्या मागच्या भागांत विकरं बनवणं आणि शोषण यांचं प्रमाण बदलत जातं. एका गटाचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मधला शेजारी ठेवला तर फरक दिसणारच.

तीन. ढेकूण मेल्यावर किती मिनिटांनी आतडं स्थिरीकारक द्रवात गेलं? मध्यांत्र हा स्वतःचीच विकरं बाळगणारा अवयव. प्राण गेला की ते स्वतःला पचवू लागतं. उशीर झाला की पेशी फुगतात, पोकळ्या पडतात, झालर गळते. हे सगळं हुबेहूब उपासमारीसारखं दिसतं.

चार, आणि हा खरा मुद्दा. तुम्ही पॅराफिन वापरलंत. अल्कोहोल आणि झायलीनमधून जाताना पेशीतली चरबी विरघळून निघून जाते. जिथे चरबीचा थेंब होता तिथे गोल, स्वच्छ, रिकामं भोक उरतं. तुमच्या दुसऱ्या गटातल्या पोकळ्या रिकाम्या होत्या हे तुम्हाला कशावरून कळलं? तुम्ही पाहिलं तेव्हा रिकाम्या होत्या, एवढंच खरं.

——

पातळछेद | मंगळवार, दुपारी १:४४

सर, चौथा मुद्दा वाचला आणि जेवण अर्धं टाकून प्रयोगशाळेत गेले. पोकळ्यांच्या कडा पुन्हा पाहिल्या. दुसऱ्या गटात त्या गुळगुळीत, अगदी गोल आहेत. तिसऱ्यात कडा वेड्यावाकड्या, आणि काहींत आत धुरकट काहीतरी उरलेलं दिसतं. हे माझ्या पहिल्या चित्रांतही होतं. मी दोन्हींना एकच शब्द वापरला आणि तिथेच फसले.

वेळेचं म्हणाल तर पहिला आणि दुसरा गट सकाळी कापला, तिसरा संध्याकाळी, वेळ मिळाला तसा. तिसऱ्या गटाला आतडं काढून द्रवात टाकायलाही उशीर झाला होता. भाग मात्र तिन्हीकडे मधलाच आहे.

——

पेशीपुराण | मंगळवार, रात्री ८:५०

फार चांगला धागा. पानाच्या मुद्द्यावर थोडं लिहितो, कारण ढेकणांच्या पेशींचा इतिहास मोठा विलक्षण आहे.

बऱ्याच कीटकांच्या मध्यांत्रात अन्नाभोवती पेरिट्रॉफिक पटल नावाची जाळीदार पिशवी असते. ती खरखरीत अन्नापासून पेशींना जपते आणि पचनाचे टप्पे वेगळे ठेवते. ढेकूण, मावा, तुडतुडे यांच्या गणात हे पटल नाही. त्याऐवजी प्रत्येक सूक्ष्म बोटावर मेद आणि प्रथिनांचं आणखी एक आवरण हातमोज्यासारखं चढलेलं असतं. साव पावलो विद्यापीठातले वॉल्टर टेरा आणि क्लेलिया फेरेरा यांनी याचा अर्थ असा लावला: या गणाचे पूर्वज झाडाचा रस शोषणारे होते. रसात प्रथिनं जवळजवळ नाहीत, अमिनो आम्लं आहेत तीही अतिशय विरळ. अशा पातळ रसातून ती गोळा करून पेशीपर्यंत पोचवायला हे दुहेरी आवरण उपयोगी पडत असावं. प्रथिनं पचवायची वेळच येत नव्हती, त्यामुळे आतड्यातलं ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकरही नाहीसं झालं.

पुढे या गणातल्या काही शाखा पुन्हा मांसाकडे किंवा रक्ताकडे वळल्या. आता प्रथिनं पचवायची, पण जुनं हत्यार गेलेलं. तेव्हा पेशीच्या आत कचरा मोडायला असलेली कॅथेप्सिनं आतड्याच्या पोकळीत सोडली जाऊ लागली. ती आम्लात चालतात, म्हणून या कीटकांचं मध्यांत्र साधारण आम्लधर्मी. अळीला भोसकून खाणाऱ्या ढेकणाच्या पेशीत रसशोषक पूर्वजाची वास्तू तशीच उभी आहे, फक्त तिच्यात बिऱ्हाड शिकाऱ्याचं आहे. मला हे चित्र फार भावतं.

आता पान. हे ढेकूण पानातूनही रस घेतात हे खरं, आणि त्याचं मोठं कारण पाणी मानलं जातं. भक्ष्याच्या अंगात लाळ ओतायची तर अंगात पाणी हवं. शिकार कमी असते तेव्हा पान त्यांना तगवतं, त्यातून थोडं पोषणही मिळतं. पण पान मिळालं नाही म्हणून पाचक पेशीत अशा गोल पोकळ्या पडतील, असं मानायला मला आधार दिसत नाही. दुसऱ्या गटाला पाणी दिलं होतंत ना?

——

पातळछेद | मंगळवार, रात्री ९:०६

हो, पाणी तिन्ही गटांना होतं.

——

ओंजळभर_पाणी | बुधवार, सकाळी ११:१२

थोडं विषयाला सोडून, पण राहवत नाही. मी चतुरांच्या पाण्यातल्या पिल्लांवर काम करते, आणि शिकारी कीटकांची आतडी एकमेकांपासून किती वेगळी असतात याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

प्रार्थना कीटक भक्ष्य चावून तुकड्यातुकड्यांनी गिळतो. त्याच्या अग्रांत्राची पिशवी पोटाचा केवढा तरी भाग व्यापते आणि मध्यांत्रात तयार झालेली विकरं उलट पुढे येऊन त्या पिशवीत पचन सुरू करतात. पाणभुंगा डायटिस्कस घ्या. त्याच्या अळीच्या जबड्यांतून बारीक नळी गेलेली असते, तिच्यातून पाचक रस भक्ष्यात जातो आणि पातळ झालेलं त्याच वाटेने परत येतं. माझ्या चतुराचं पिल्लू चावून खाणारं. त्याच्या पश्चांत्रात कल्ले असतात, आणि तिथलंच पाणी झटक्यात मागे फेकून ते बाणासारखं पुढे सुटतं. म्हणजे आतड्याचा एक भाग श्वासाचा आणि पळण्याचाही.

सगळ्यात टोकाचा मुंगीसिंह. वाळूत फनेलसारखा खड्डा करून तळाशी बसणारी अळी. तिचं मध्यांत्र मागच्या बाजूला बंद असतं! पश्चांत्राशी जोडलेलंच नाही. पचनातून जे काही उरेल ते सगळा अळीपणा संपेपर्यंत तिथेच साठत राहतं, आणि प्रौढ बाहेर आल्यावर एकदाच टाकलं जातं. मधल्या काळात उत्सर्जनाच्या मालपीगी नलिका कोषासाठी रेशीम तयार करतात.

——

रानवाट | बुधवार, दुपारी १२:३०

बंद आतडं! म्हणजे तिला चावून खाणं परवडणारंच नाही. रस शोषला तरच कचरा कमी राहील. बरोबर समजले का?

——

ओंजळभर_पाणी | बुधवार, दुपारी १२:४१

अगदी बरोबर. क्रायसोपर्ला या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळीचंही तसंच, एकाच गणातल्या त्या. आणि क्रायसोपर्ला कार्नियाचा प्रौढ शिकार सोडून मधुरस, परागकण, माव्याचा गोड स्राव यांवर जगतो. एकाच जिवाच्या आयुष्यात आहार पूर्ण पालटतो. कोषात असताना अळीचं आतड्याचं अस्तर मोडतं आणि त्या बुडाशी बसलेल्या पुनरुत्पादक पेशी नवीन अस्तर उभं करतात. टॉक्सोऱ्हिंकायटिस या मोठ्या डासाचंही असंच आहे. त्याची अळी दुसऱ्या डासांच्या अळ्या खाते आणि मादी मात्र आयुष्यात रक्ताला शिवत नाही, फुलांवर जगते.

——

पाळणाघर | बुधवार, रात्री ९:३३

क्रायसोपर्लाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी मित्रकीटक वाढवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. आमच्याकडे प्रश्न रोजचा: खरं भक्ष्य वाढवायचं तर त्याच्यासाठी झाडं वाढवायला लागतात, म्हणून पर्यायी अन्न. पिठातल्या पतंगाची अंडी, आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाच्या गाठी (सुप्त अंडी), कृत्रिम खाद्य. पेशींचे फोटो सुंदर असतात, पण मला शेवटी तीनच आकडे लागतात: किती जगले, किती दिवसांत वाढले, किती अंडी घातली. हे तिन्ही चांगले असतील तर पेशीत पोकळी असो नाहीतर थेंब, काय फरक पडतो? स्पष्ट लिहिलंय, पण प्रश्न मनापासून आहे.

——

पेशीपुराण | बुधवार, रात्री ११:१८

पाळणाघर, प्रश्न रास्त आहे. उत्तराला तुमच्याच कीटकाची गोष्ट घेतो.

1998 साली अँजेलिका हिलबेक आणि सहकाऱ्यांनी बीटी मका (जनुक बदलून जिवाणूचं कीडनाशक विष बनवणारा मका) खाल्लेल्या अळ्या क्रायसोपर्ला कार्नियाच्या पिल्लांना दिल्या. 62 टक्के पिल्लं प्रौढ होण्याआधी मेली. साध्या मक्यावरच्या अळ्या खाणाऱ्यांत हे प्रमाण 37 टक्के होतं. तुमच्या तीन आकड्यांपैकी पहिला आकडा सरळ सांगत होता की बीटीचं विष परभक्षीला मारतं. जगभर खळबळ झाली.

पण बीटीचं विष काम कसं करतं? ते मध्यांत्राच्या पेशीवर, त्या सूक्ष्म बोटांवरच्या विशिष्ट प्रथिनांना चिकटतं आणि पेशीच्या पडद्याला छिद्र पाडतं. चिकटायला जागा नसेल तर ते निरुपद्रवी. म्हणजे खरं उत्तर आतड्याच्या पेशीतच होतं. 2002 साली दिसलं की बीटी मक्यावरच्या कोळी-किडींच्या अंगात हे विष भरपूर असूनही त्या खाल्लेली क्रायसोपर्लाची पिल्लं ठणठणीत राहतात. 2004 साली योर्ग रोमाइस आणि सहकाऱ्यांनी विष साखरेच्या पाण्यातून थेट पिल्लांना पाजलं, तरी काही झालं नाही. 2006 साली पेशींचे छेद पाहिले गेले. मध्यांत्राला इजा नव्हती, आणि पेशींच्या झालरीवर विष नेमकेपणाने चिकटतही नव्हतं.

मग आधी पिल्लं का मेली? बीटी खाऊन भक्ष्य अळ्याच आजारी, कुपोषित झाल्या होत्या. परभक्षीला निकस जेवण मिळालं. विषाने मेली की वाईट जेवणाने, हे मृत्यूच्या आकड्यातून कळत नाही, दोन्हींत आकडा सारखाच येतो. पेशीत मात्र दोन्हींचं रूप वेगळं.

——

पाळणाघर | गुरुवार, सकाळी ६:५५

हे पटलं. 1998 चा आकडा मी कित्येकदा ऐकला होता, त्याचा पुढचा भाग आत्ता कळला. आमच्याकडेही एकदा अख्खी तुकडी कमजोर निघाली होती. आम्ही दोन महिने रोग शोधत बसलो. पतंग ज्या धान्यावर वाढवले होते ते जुनं झालं होतं, हे फार उशिरा ध्यानात आलं. परभक्षीचं जेवण म्हणजे भक्ष्य, आणि भक्ष्याचं जेवण हे पण परभक्षीचंच जेवण. हे आम्ही मोजत नव्हतो.

——

जुनी_स्लाइड | गुरुवार, सकाळी ८:१०

पाळणाघर, तुमच्या शेवटच्या वाक्याला पेशीत अक्षरशः पुरावा सापडतो. कितीतरी कीटकांच्या मध्यांत्राच्या पेशींत खनिजांचे गोल थरदार कण असतात, झाड आडवं कापल्यावर दिसणाऱ्या वलयांसारखे. अन्नातून आलेले जादा धातू पेशी त्यात बांधून ठेवते. पेशी म्हातारी होऊन पोकळीत गळून पडली की कण तिच्यासोबत बाहेर. भक्ष्याने दूषित झाडावर खाल्लं असेल तर त्याची नोंद शिकाऱ्याच्या आतड्यात अशी जमा होते.

पातळछेद, गोठवलेले छेद घेऊन सुदान ब्लॅक लावा. चरबी राहील आणि काळी दिसेल. ग्लायकोजेनसाठी पीएएस हा किरमिजी रंग. दोन रंगांत निकाल लागेल.

——

पेशीपुराण | गुरुवार, दुपारी ३:२६

आणि पुनरुत्पादक पेशी मोजायला विसरू नका. फळमाशी शिकारी नव्हे, पण यंत्रणा तिथेच सगळ्यात नीट उलगडली आहे. प्रौढ माशीच्या मध्यांत्रात मूल पेशी आहेत हे 2006 मध्ये कळलं. 2011 मध्ये ल्युसी ओब्रायन, डेव्हिड बिल्डर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नव्याने प्रौढ झालेल्या माशीला खायला मिळालं की तिचं आतडं खरोखर वाढतं. आतड्याभोवतीच्या स्नायूतून इन्सुलिनसारखं प्रथिन स्रवतं, त्याने मूल पेशी जास्त विभागतात, आणि विभागताना दोन्ही लेकी मूल पेशीच राहण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे आतडं आपला आकारच जेवणावरून ठरवतं. तुमच्या उपाशी गटातलं अस्तर पातळ दिसतंय ते पेशी खुजट झाल्यामुळे की संख्येने घटल्यामुळे, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

——

ओंजळभर_पाणी | गुरुवार, रात्री ८:१५

एक पुरवणी. शिकारी कीटक मिळेल ते खातात असं पूर्वी धरलं जायचं, कारण मांस म्हणजे संतुलित अन्न हा समज. 2005 साली डेव्हिड मेंट्झ आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅगोनम डॉर्सेल या जमिनीवरच्या भुंग्याला आधी एकांगी अन्न दिलं, काहींना चरबी जास्त, काहींना प्रथिनं जास्त. नंतर निवड करू दिल्यावर ज्याला जे कमी पडलं होतं ते त्याने जास्त खाल्लं. म्हणजे शिकाऱ्याला आपल्या अन्नातली चरबी आणि प्रथिनं वेगळी कळतात. पातळछेदच्या दुसऱ्या गटाला मात्र निवडायला दुसरं काही नव्हतंच. कोष हा चरबीचा साठा असतो, रूपांतराचा सगळा खर्च त्यातून भागायचा असतो. तेच ताट रोज.

——

रानवाट | शुक्रवार, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. निकाल काय लागतो ते इथेच नक्की लिहा.

——

पातळछेद | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:४०

उशिराबद्दल माफ करा. गोठवलेले छेद कापायला हात बसेपर्यंत पहिले बरेच तुकडे वाया गेले.

या वेळी चार गट घेतले: अळ्या आणि पान, नुसते कोष, कोष आणि पान, उपाशी. खाणाऱ्या तिन्ही गटांना एकाच वेळी खायला दिलं आणि शेवटच्या खाण्यानंतर बरोबर चोवीस तासांनी कापलं. उपाशी गटही त्याच सकाळी. नुकतीच कात टाकलेले वगळले. थंड क्षारद्रवात चिरून आतडं लगेच पुढच्या प्रक्रियेला, मध्ये थांबणं नाही. सगळीकडे मध्यांत्राचा मधलाच भाग.

सुदान ब्लॅक लावला आणि नुसत्या कोषांवरच्या गटात पेशींचा वरचा अर्धा भाग काळ्या थेंबांनी भरलेला दिसला. जिथे मी "पोकळ्या" लिहिलं होतं तिथेच. त्या पेशी उपाशी तर नव्हत्याच, चरबीने गच्च भरल्या होत्या. अळ्यांवरच्या गटात थेंब आहेत, पण तुरळक आणि लहान.

उपाशी गटात काळं जवळजवळ काहीच नाही. आधीच्या छेदांतल्या निम्म्याहून जास्त पोकळ्या या वेळी दिसल्याच नाहीत, म्हणजे त्या उशिरामुळे पडलेल्या होत्या. जुनी_स्लाइड सर, तुमचा तिसरा मुद्दा. ज्या थोड्या उरल्या त्या वेड्यावाकड्या कडांच्या, आत अर्धवट मोडलेलं काही असलेल्या. त्या मात्र मला पेशीने स्वतःला खाल्ल्याच्याच वाटतात. पीएएसमध्ये या गटाच्या पेशी अगदी फिकट, अळ्यांवरच्या गटाच्या गडद किरमिजी.

आणि पान. कोषांसोबत पान दिलेल्या गटातही काळे थेंब तितकेच भरलेले. माझा पहिला अंदाज चुकला. पानाचा इथे संबंध दिसत नाही, कोषच कारण आहे.

पुनरुत्पादक पेशींची मोजणी चालू आहे. उपाशी गटात त्या कमी झालेल्या वाटत नाहीत, पण पुरेसे छेद मोजल्याशिवाय लिहिणार नाही.

——

जुनी_स्लाइड | रविवार, रात्री ७:५८

शाब्बास. चुकलेला अंदाज जसाच्या तसा प्रबंधात लिहा, खोडू नका.

——

पाळणाघर | रविवार, रात्री ९:२०

अभिनंदन! एक विचारतो, कारण आमच्या कामाला थेट लागू आहे. कोषांवर वाढवलेला ढेकूण झाडावर सोडला आणि तिथे तो अळ्या खाऊ लागला, तर हे थेंब जातात का? किती दिवसांत? की पेशी गळून नवी येईपर्यंत तसेच राहतात?

——

पातळछेद | रविवार, रात्री १०:०५

हाच प्रश्न मलाही पडला. कोषांवरचे अठरा ढेकूण शिल्लक होते, ते आज सकाळी अळ्यांवर टाकले आहेत. सहा तिसऱ्या दिवशी कापेन, सहा सातव्या आणि सहा चौदाव्या.